कुठे सेव्ह केलंय?

संगणकाबद्दल मराठी घरात रोज विचारला जाणारा प्रश्न ‘हे चालतं कसं?’ असा कधीच नसतो. तो असतो, ‘कुठे सेव्ह केलंय?’ आणि त्याचं ठरलेलं उत्तर असतं, ‘कॉम्प्युटरमध्ये.’

उत्तर खोटं नाही, फक्त त्याचा उपयोग नाही. सोसायटीची वार्षिक सभा उद्यावर आलेली असते, इतिवृत्त टाइप करून ठेवलेले मानद चिटणीस पंखा पाचवर असूनही घामाघूम झालेले असतात आणि न्यू जर्सीतला मुलगा ऑफिसला निघता निघता व्हिडिओ कॉलवर धीर देत असतो.

‘बाबा, फाइल कुठे ठेवलीत?’

‘वर्डमध्ये.’

‘वर्डमध्ये टाइप केलीत हो. ठेवलीत कुठे?’

‘अरे, वर्ड उघडलं की पहिलीच दिसायची. परवा शेजारच्या चिन्मयनं त्याच्यावर प्रोजेक्ट का काय ते केलं, तेव्हापासून नाही दिसत.’

बाबांना हसण्यात अर्थ नाही. फाइल ही वस्तू, वर्ड हे तिच्यावर काम करण्याचं सॉफ्टवेअर आणि हार्ड डिस्क ही ती ठेवण्याची जागा. ही तिन्ही प्रकरणं एकाच पडद्यावर, एकमेकांना खेटून नांदतात. वर्ड उघडल्यावर जी यादी दिसते ती अलीकडे उघडलेल्या फाइलींच्या नावांची. चिन्मयनं चार फाइली उघडल्या की इतिवृत्त पाचव्या ओळीवर घसरतं आणि सोसायटीत घबराट पसरते. चिन्मयचा अपराध एवढाच.

एक काळ असा होता की महाराष्ट्रानं हा विषय सरकारी पातळीवर मनावर घेतला. २००१ साली महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन स्थापन झालं, एमएस-सीआयटीचे वर्ग गल्लोगल्ली निघाले आणि सरकारी नोकरांना ती परीक्षा सक्तीची झाली. वेतनवाढ अडकेल म्हटल्यावर निवृत्तीला टेकलेले अव्वल कारकूनही माउस धरायला शिकले. त्यांनी पाठ केलेली व्याख्या आजही अनेकांना झोपेत विचारली तरी येते: रॅम तात्पुरती, हार्ड डिस्क कायमची. पण व्याख्या पाठ होणं आणि ती अंगवळणी पडणं यांत फरक आहे. रॅम म्हणजे ओटा आणि हार्ड डिस्क म्हणजे फडताळ. भाजी चिरायची ती ओट्यावर, पण ओटा रोज रात्री धुवून निघतो. संगणकात तर वीज गेली की तत्क्षणी निघतो. भारनियमनाच्या दिवसांत हे शास्त्र महाराष्ट्राला ज्या वेगानं समजलं, त्या वेगानं ते कोणत्याही वर्गात समजलं नसतं. साडेतीन पानांचा अहवाल टाइप करून झाला, कंट्रोल एस तेवढं राहिलं आणि लाइट गेली. असा हादरा बसलेला माणूस पुढे आयुष्यभर दर दोन ओळींनंतर कंट्रोल एस दाबतो. काही जण तर गूगलवर शोधतानाही दाबतात.

मोबाइलच्या दुकानात हाच घोळ नव्यानं होतो. खोक्यावर ‘८ / १२८’ लिहिलेलं असतं. पहिला आकडा रॅमचा, दुसरा साठवणुकीचा. गिऱ्हाईक मनातल्या मनात बेरीज करून ‘एकशे छत्तीस’ म्हणतं आणि विक्रेता, सौदा मोडू नये म्हणून, मान डोलावतो.

जागेची किंमत कळायला जरा मागे जावं लागेल. १९५६ साली आयबीएमनं रॅमॅक नावाच्या यंत्रासोबत जगातली पहिली व्यापारी हार्ड डिस्क आणली. दोन दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या, वजन सुमारे एक टन आणि मावायची ५० लाख अक्षरं. आजच्या फोननं काढलेला पुरणपोळीचा एक फोटो त्यात कसाबसा बसला असता, तूप सोडल्यावरचा दुसरा बसला नसता. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेनं स्वतः घडवलेला टिफ्रॅक हा संगणक १९६० साली सुरू झाला. त्याच्या मेमरीत ४० बिटांचे २०४८ शब्द राहत, म्हणजे आजच्या मापानं १० केबी. देवनागरीचं एक चिन्ह हल्लीच्या पद्धतीत तीन बाइट खातं, त्यामुळे हा लेखसुद्धा त्यात मावला नसता. त्या १० केबीवर शास्त्रज्ञांनी गणितं सोडवली. लेख मात्र, देशाच्या सुदैवानं, कोणी लिहिले नाहीत.

मग फ्लॉपी आली. पहिली १९७१ ची, आठ इंचांची. पुढे सव्वापाच इंचांची झाली. साडेतीन इंचांची सोनीनं १९८१ मध्ये आणली आणि तिचं १.४४ एमबीचं रूप शाळा-कॉलेजांच्या कॉम्प्युटर लॅबमधून सगळ्यांनी पाहिलं. त्या लॅबमध्ये चपला बाहेर काढून जायचं असे. धूळ हे कारण खरंच होतं, पण संगणकाला सोवळं लागतं यावर पालकांचा चटकन विश्वास बसला. फ्लॉपी वाकवायची नाही, उन्हात ठेवायची नाही, चुंबकाजवळ न्यायची नाही. कोकणात तर पावसाळ्यात तिला बुरशी धरायची. एवढं करून मावायचं काय, तर जेमतेम एखादा फोटो. विंडोज ९५ फ्लॉप्यांवर घ्यायचं तर १३ फ्लॉप्या एकापाठोपाठ घालाव्या लागत. त्यातली बारावी वाचता येत नाही असा संदेश आला की समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावर जो वैराग्यभाव उमटे, तो नव्या पिढीला पाहायला मिळत नाही.

फ्लॉपीबरोबर रोगराईही हिंडायला लागली. पीसीवरचा पहिला गाजलेला व्हायरस ‘ब्रेन’ १९८६ साली लाहोरच्या दोन भावांनी लिहिला. त्यांनी प्रोग्रॅममध्ये आपली नावं, दुकानाचा पत्ता आणि फोन नंबर घातला होता. व्हायरसच्या इतिहासात इतका सभ्यपणा पुन्हा झाला नाही. पुण्यात याच रोगराईवर दोन मराठी भावांचा धंदा उभा राहिला. कॅल्क्युलेटर दुरुस्त करणारे कैलास काटकर आणि संगणक शिकलेला त्यांचा धाकटा भाऊ संजय यांनी नव्वदच्या दशकात क्विक हील हे अँटिव्हायरस बाजारात आणलं. दुरुस्तीला आलेले संगणक व्हायरसनं भरलेले असत, त्यावर उतारा लिहिता लिहिता त्याचं दुकान झालं आणि दुकानाची कंपनी झाली.

फ्लॉपी गेली, तरी ‘सी’ ड्राइव्ह ‘सी’च राहिला. ‘ए’ आणि ‘बी’ ही अक्षरं फ्लॉप्यांसाठी राखलेली होती. मालक परागंदा झाले, पाट्या मात्र कोणी काढल्या नाहीत. जपाननं तर कमालच केली. तिथल्या सरकारी नियमांत अर्ज फ्लॉपीवर सादर करण्याची सक्ती हजारावर ठिकाणी लिहिलेली होती, ती काढून टाकायला २०२४ साल उजाडलं. आपल्या तहसील कार्यालयाविषयी तक्रार असणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवायला हरकत नाही.

सीडीवर फार वेळ घालवण्यात अर्थ नाही. ७०० एमबीची ही चकती भरताना घरात कोणी टेबलाला हात लावायचा नाही, दुसरं काही उघडायचं नाही, असा दंडक होता, कारण माहितीचा ओघ मध्येच तुटला की सीडी वाया जायची. वाया गेलेल्या सीड्या खिडकीत कबुतरं उडवायला आणि शेतात पाखरं हाकलायला टांगल्या गेल्या. काही घरांत या कामाचा अनुभव मूळ कामापेक्षा चांगला आला.

खरी मजा पेन ड्राइव्हपासून सुरू होते, आणि ती बघायची तर झेरॉक्सच्या दुकानात उभं राहावं. पेन ड्राइव्ह ज्या फटीत जातो त्या यूएसबीच्या जनकांपैकी एक, अजय भट्ट, बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले. पेन ड्राइव्ह पहिल्या प्रयत्नात कधीच आत जात नाही, हा सार्वत्रिक अनुभव त्यांच्याही कानावर गेला आहे. दोन्ही बाजूंनी बसेल असा केला असता तर तारा आणि खर्च दुप्पट झाला असता, असं त्यांचं म्हणणं. काटकसरीचं कारण मराठी माणसाला लगेच पटतं, तो मुकाट्यानं पेन ड्राइव्ह उलटा करतो.

तर झेरॉक्सच्या दुकानात एक काका येतात. किल्ल्यांच्या जुडग्यात मोटारसायकलची किल्ली, कपाटाची किल्ली, छोटा विठोबा आणि पेन ड्राइव्ह. दुकानदार तो लावतो. आतल्या प्रत्येक फोल्डरच्या जागी त्याच नावाचा शॉर्टकट उगवलेला असतो. कोपऱ्यात छोटा बाण. दुकानदार मान वर न करता म्हणतो, ‘व्हायरस आहे काका.’ काका दुखावतात. ‘शक्यच नाही, पेन ड्राइव्ह घरचा आहे.’ दुकानदारानं याआधीच्या गिऱ्हाइकाचा पेन ड्राइव्ह त्याच भोकात लावला होता आणि त्याच्या आधीच्याचाही, हे दोघांनाही माहीत असतं. कोणी बोलत नाही.

मूळ फोल्डर गेलेले नसतात. या जातीचा व्हायरस ते फक्त लपवतो आणि आपलं सोंग पुढे करतो. दुकानदार सराईतपणे लपलेले फोल्डर उघडे करतो. आत ‘पत्रिका फायनल’, ‘पत्रिका फायनल नवीन’, ‘पत्रिका फायनल शेवटची’ आणि ‘पत्रिका मामांनी सांगितलेली’ अशा चार फाइली निघतात. त्यातली छापायची कोणती, यावर घरी फोन जातो. मामांची ठरते. ती उघडते आणि पडद्यावर ‘श्री गजानन प्रसन्न’च्या जागी स्वल्पविराम, डॉलर, कंस आणि डोक्यावर टोप्या घातलेले रोमन स्वर असा मजकूर पसरतो.

आता व्हायरसचा काही संबंध नसतो. पत्रिका घातलेली असते पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीसारख्या एखाद्या जुन्या फाँटमध्ये. त्या काळच्या फाँटांत इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. फाइलीत खरं तर इंग्रजी चिन्हंच असतात, मराठी दिसतं ते फाँटच्या कृपेनं. फाँट डीटीपीवाल्याच्या संगणकात, फाइल काकांच्या खिशात. फाइल नेली म्हणजे सगळं नेलं, हा समज इथे फुटतो. मराठी छापखान्यांनी, साप्ताहिकांनी, दिवाळी अंकांनी हे दुखणं वर्षानुवर्षं सोसलं. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे आणि त्यात टाइप केलेला मजकूर कुठेही मराठीच दिसतो. तरी ‘आमच्याकडे श्रीलिपीतच द्या’ म्हणणारे छापखाने आजही भेटतात, आणि त्यांच्यापुढे युनिकोडची बाजू मांडण्यापेक्षा पत्रिका पुन्हा टाइप केलेली लवकर होते.

पेन ड्राइव्हच्या खरेदीतली जुनी तक्रार वेगळीच. खोक्यावर १६ जीबी, संगणकात दिसतात १४.९. एक टीबीची हार्ड डिस्क घ्या, दिसणार ९३१ जीबी. मापात पाप बघितल्यावर मराठी गृहिणी भाजीवाल्याला सोडत नाही, इथे मात्र बिल फाडून झालेलं असतं. यात चोरी नाही. बनवणारा हजाराच्या पटीत मोजतो, विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं, आणि दोघंही त्याला जीबीच म्हणतात. अमेरिकेत यावरून सीगेट कंपनीवर दावा झाला. २००७ साली कंपनीनं चूक मान्य न करता तडजोड केली: ग्राहकांना पाच टक्के पैसे परत किंवा बॅकअपचं सॉफ्टवेअर फुकट. स्टेशनबाहेर काही शे रुपयांत मिळणारा ‘२ टीबी’ पेन ड्राइव्ह हे मात्र खरं पाप. आत छोटी चिप असते आणि तिला खोटं बोलायला शिकवलेलं असतं. कॉपी पूर्ण झाली असं ती शपथेवर सांगते. फाइलींची नावं दिसतात, फाइली नसतात.

सॉफ्टवेअरकडे मात्र अजून कोणी वस्तू म्हणून बघायला तयार नाही. हार्ड डिस्कला पैसे मोजताना हात आखडत नाही, कारण ती हातात येते. हातात न येणाऱ्या गोष्टीला पैसे का द्यायचे, हा प्रश्न असेंबल केलेला संगणक घेणाऱ्या प्रत्येक घरानं विचारला आणि ‘टाकून देतो ना विंडोज, वर्ड, फोटोशॉप, सगळं’ या दुकानदाराच्या वाक्यानं तो सुटला. त्या ‘सगळं’ मध्ये तीन जाती असतात. विंडोज, लिनक्स किंवा फोनमधलं अँड्रॉइड हे संगणक चालवणारं सिस्टिम सॉफ्टवेअर. वर्ड, टॅली, पेजमेकर ही आपलं काम करणारी ॲप्लिकेशनं. आणि अँटिव्हायरस किंवा फाइली आवळणारं विनरार ही देखभालीची युटिलिटी. यांपैकी विनरारची दानत विलक्षण. ४० दिवस वापरून बघा, मग विकत घ्या, असं ते सांगतं. एकेचाळिसाव्या दिवशी नम्रपणे आठवण करतं आणि काम करत राहतं. ज्यांना चोरी नको आणि खर्चही नको त्यांच्यासाठी लिबरऑफिस कायदेशीररीत्या फुकट आहे. पण ते कोणी सुचवलं की घरातून पहिला प्रश्न येतो, ‘फुकट आहे म्हणजे काहीतरी गडबड असणार.’ चोरलेल्या वर्डविषयी ही शंका कधी आलेली ऐकिवात नाही.

सिस्टिम सॉफ्टवेअर बिघडलं की त्याला ‘विंडोज उडालं’ म्हणतात. मग हार्डवेअरवाला मुलगा येतो.

‘काका, फॉरमॅट मारावा लागेल. सी ड्राइव्हमध्ये काही महत्त्वाचं आहे?’

‘छे, सी मध्ये मी कधी जातच नाही.’

तासाभरात विंडोज नवं कोरं होतं. पडद्यावर कॅलिफोर्नियातली ती हिरवी टेकडी झळकते, तिच्यावर एकटा रीसायकल बिन.

‘इथे माझी सगळी कामं होती, ती कुठे गेली?’

‘डेस्कटॉपवर ठेवली होती?’

‘डेस्कटॉपवर नाही रे, इथे समोर होती.’

समोर म्हणजे डेस्कटॉप, आणि डेस्कटॉप हा सी ड्राइव्हमधलाच एक फोल्डर. मुलानं विचारायला हवं होतं, काकांना माहीत असायला हवं होतं. दोन्ही झालेलं नाही आणि दोघंही टेकडीकडे बघत बसतात. याहून शहाणे लोक ‘मी सगळं डी मध्येही टाकून ठेवतो’ असं अभिमानानं सांगतात. घरच्या बहुतेक संगणकांत सी आणि डी या एकाच डिस्कवर आखलेल्या हद्दी असतात. विंडोज उडालं तर डी वाचतो, पण डिस्क गेली तर दोघं बरोबर जातात.

आता सगळं क्लाउडवर असतं, असं नातवंडं सांगतात. जीमेल सुरू झालं १ एप्रिल २००४ ला. हॉटमेल तेव्हा २ एमबी जागा द्यायचं आणि गूगल एकदम एक जीबी देत होतं, म्हणून पुष्कळांना तो एप्रिल फूल वाटला. आज १५ जीबी फुकट आहेत आणि त्या पुरत नाहीत. फोनमधली जागाही का पुरत नाही, याचं उत्तर जानेवारी २०१८ मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलनं दिलं: भारतीयांचे गुड मॉर्निंगचे फोटो. गूगलच्या अभियंत्यांनी फोन का अडतात हे शोधलं तेव्हा गुलाबाची फुलं, उगवता सूर्य आणि दवबिंदू निघाले. त्याच बातमीनुसार भारतात तीनातल्या एका स्मार्टफोनची जागा रोज संपत होती. यावर गूगलनं फाइली साफ करणारं ॲप काढलं, त्याला गुड मॉर्निंग ओळखायला शिकवलं. शुभ सकाळ पाठवणाऱ्या आत्याबाईंनी एका अमेरिकन कंपनीला कामाला लावलं, याचं श्रेय त्यांना अजून कोणी दिलेलं नाही.

क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या इमारतीतल्या हार्ड डिस्का, आणि त्या इमारती बघायला लांब जायला नको. ॲमेझॉननं २०१६ मध्ये आपलं भारतातलं पहिलं केंद्र मुंबईत उघडलं. ऐरोली-महापेच्या पट्ट्यात, जिथे केमिकलचे कारखाने होते तिथे, आता खिडक्या नसलेली डेटा सेंटरं उभी आहेत. तिथे वीज सहसा जात नाही, पण चुका होतात. फेब्रुवारी २०११ मध्ये गूगलच्याच एका सॉफ्टवेअर बिघाडानं हजारो लोकांचे मेल नाहीसे झाले. वेगवेगळ्या ठिकाणच्या प्रती असूनही बिघाड सगळ्यांपर्यंत पोचला. शेवटी ते परत मिळाले चुंबकीय टेपवरून. टेप संगणकाला जोडलेलीच नव्हती, म्हणून वाचली.

व्यावसायिक छायाचित्रकारांत म्हणून तीन-दोन-एकचा हिशेब सांगतात: प्रती तीन, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक घराबाहेर. आपल्याकडे लग्नाचा फोटोग्राफर अल्बमबरोबर मखमली डबीत एक पेन ड्राइव्ह देतो आणि ती डबी मंगळसूत्राशेजारी लॉकरमध्ये जाते. सोनं तिथे सुरक्षित असतं. पेन ड्राइव्हमधली माहिती विद्युतभाराच्या रूपात असते आणि नुसता पडून राहिला तरी तो भार वर्षांमागून वर्षं हळूहळू गळतो. तेव्हा अशी डबी ज्यांच्या घरी आहे त्यांनी या रविवारी ती काढावी, पेन ड्राइव्ह लावून बघावा (आधी उलटा, मग सुलटा) आणि उघडला तर लगेच दुसरीकडे कॉपी करावा. दुसरीकडे म्हणजे त्याच पेन ड्राइव्हमधल्या दुसऱ्या फोल्डरमध्ये नव्हे. आणि कुठे ठेवलं ते घरातल्या आणखी एकाला सांगून ठेवावं. ‘कॉम्प्युटरमध्ये’ एवढंच सांगू नये.